धाव कुठाय?

गेल्या मे महिन्यात आमच्या अण्णांना घेऊन लिंबला जाऊन आलो. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय वर्षं शहाऐंशी. गुडघे कुरकुरतात, ऐकू जरा कमी येतं, पण गाडीत बसायचं म्हटलं की टोपी घालून तयार. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आनेवाडीचा टोलनाका ओलांडला की थोड्या अंतरावर लिंब फाटा लागतो. आयुष्यात त्या फाट्यावरून मी काही शेकडा वेळा तरी गेलो असेन. आत एकदाही वळलो नव्हतो. बारा मोटांची विहीर तिथे आहे हे माहीत होतं, फोटो पाहिले होते, "एकदा जायला हवं" असं दर वेळी म्हणून झालं होतं. आपल्याकडे अशा गोष्टींचं हे असंच होतं.

या खेपेला मात्र मी चांगला अभ्यास करून गेलो होतो. कुठलं शिल्प कुठे, शिलालेख कुठे, सगळं वहीत लिहून घेतलं होतं. अण्णांना मी विहीर दाखवणार, असा एकंदर बेत होता. झालं उलटंच.

आधी वहीतलं सांगतो.

कृष्णेच्या काठचं लिंब हे सधन गाव. गावाच्या जवळ शेरी म्हणून भाग आहे, तिथे शेतात ही विहीर. लांबून काही म्हणजे काही दिसत नाही. झाडं, शेतं, आणि एका जागी जमीन एकदम संपते. जवळ गेलं की पायाखाली काळ्या दगडात बांधलेला एक अख्खा वाडा उतरत गेलेला दिसतो. खोली एकशे दहा फूट आणि व्यास पन्नास फूट, असे आकडे सगळीकडे दिलेले असतात. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला लागून चौकोनी उपविहीर, आणि या दोघींच्या मधोमध, जमिनीच्या पातळीखाली, खांबांवर उभा असलेला छोटा महाल. हो, विहिरीत महाल! रुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं, कमानीच्या दारातून आत जायचं, की हा महाल आपल्या डोक्यावर येतो. त्यात शिरायला भिंतीच्या पोटातून अरुंद जिना आहे. वर गेलं की खांबांवर कोरलेली कमळं, गणपती, हनुमान, हत्ती, घोडेस्वार. (घोडेस्वार म्हणजे शिवाजी महाराजच, असं गावात सांगतात.) आणि गवाक्षाशी उभं राहिलं की खाली मुख्य विहिरीचं हिरवट, गार पाणी. वर रणरणता मे महिना आणि इथे अंगावर काटा येईल असा गारवा. भिंतीवर बाहेरच्या अंगाला शरभाची शिल्पं आहेत, पंजात हत्ती पकडलेली. त्यांचे अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. मराठ्यांचा दरारा दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पसरला त्याचं ते चिन्ह, वगैरे. असेलही. शरभ आपल्या बहुतेक किल्ल्यांच्या दारांवर असतो, तसा तो इथेही आला असेल, एवढंच मला वाटतं.

वरून पाहिलं तर विहिरीचा आकार शिवलिंगासारखा दिसतो हेही ऐकून होतो. दिसतो खरा. पण विहिरीत पायऱ्या उतरवायच्या म्हटल्या की गोल किंवा अष्टकोनी खड्ड्याला एका बाजूने लांबट शेपूट जोडावंच लागतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी बारवा अशाच दिसतात. भक्ती आणि सोय या दोन गोष्टी आपल्या कारागिरांनी वेगळ्या ठेवल्या नसाव्यात.

विहीर बांधली विरूबाई भोसले यांनी. दाराशी शिलालेख आहे, त्यात शके १६४१ विकारी संवत्सर आणि शके १६४६ क्रोधी संवत्सर अशी सुरुवात-शेवटाची नोंद आहे. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. (पंचांग चाळणाऱ्यांसाठी गंमत: २०१९ च्या गुढीपाडव्याला पुन्हा विकारी लागला आणि २०२४ च्या पाडव्याला पुन्हा क्रोधी. साठ-साठ वर्षांची पाच चक्रं बरोब्बर पुरी.)

ती पाच वर्षंही साधी नाहीत. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला, आणि त्याच वर्षी येसूबाई सुटून साताऱ्याला परत आल्या. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा त्या लहानग्या शाहूसकट मोगलांच्या हाती लागल्या होत्या. शाहू सुटला १७०७ मध्ये, औरंगजेब मेल्यावर. आई सुटायला आणखी बारा वर्षं लागली. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ गेला, विशीतला बाजीराव पेशवा झाला. १७२४ मध्ये तिकडे साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिझखानाला मारलं आणि दख्खनचा सुभा आपल्या खिशात घातला. इतिहासाच्या पुस्तकात ही पाच वर्षं अशी घोड्याच्या टापांनी भरलेली आहेत. आणि साताऱ्यापासून काही कोसांवर तेवढीच पाच वर्षं वडार, पाथरवट जमिनीत खोल खोल चालले होते.

विरूबाई कोण? गावात विचाराल तर शाहू महाराजांची राणी. पुस्तकात पाहाल तर शाहूच्या लग्नाच्या राण्या वेगळ्या, विरूबाई त्यांत नाही. मोगलांच्या छावणीत शाहूचं लग्न झालं तेव्हा नवरीबरोबर दासी म्हणून आलेली ती, असं सांगतात. पण शाहूच्या घरात तिचा शब्द मोठा होता. पारदच्या लोखंड्यांचा जो मुलगा शाहूने फत्तेसिंह भोसले म्हणून वाढवला, अक्कलकोटचं घराणं ज्याच्यापासून सुरू होतं, त्याला तिने आईसारखं सांभाळलं. १७४० मध्ये ती वारली. तिच्याबद्दल खात्रीने सांगण्यासारखं फारसं नाही, पण तिने आपलं नाव दगडात घातलं, आणि नुसतं विरूबाई नाही, भोसले आडनावासकट. इतिहासकारांनी तिला कुठल्या रकान्यात बसवायचं ते बसवावं. तिने स्वतः आपला रकाना ठरवून टाकला होता.

विहीर बांधणाऱ्या बायका आपल्या इतिहासात कमी नाहीत. पाटणची राणीनी वाव अकराव्या शतकात उदयमतीने बांधली, अडालजची वाव १४९९ च्या सुमारास रुडाबाईच्या नावावर पुरी झाली. अहिल्याबाईंनी तर गणतीच नाही इतक्या बारवा आणि घाट बांधले. पण गुजरातच्या वावा पाहिल्यात तर लक्षात येईल, त्या माणसांसाठी आहेत. खाली उतरा, पाणी भरा, देवाला हात जोडा, सावलीत टेका. लिंबची विहीर मुख्यतः झाडांसाठी आहे. तीन हजार तीनशे आंब्यांची आमराई इथे होती आणि तिला पाणी द्यायला ही विहीर, असं सांगतात. म्हणजे हे यंत्र आहे, आणि त्याच्या पोटात बसायला एक महाल केला आहे. हे वाक्य मी मोठ्या ऐटीत वहीत लिहिलं होतं. पण यंत्र म्हणजे काय, ते मला कळलं नव्हतं.

आता अण्णा.

मी पायऱ्या उतरायला लागलो. मागे पाहतो तर अण्णा नाहीत. ते वरच, विहिरीच्या कडेकडेने चालत होते. माझ्या काळजात धस्स झालं. मी पळत वर आलो. अण्णा विहिरीकडे पाठ करून उभे, शेताकडे बघत.

"काय बघताय अण्णा? महाल खाली आहे."

"आरं, धाव कुठाय?"

मला आधी समजेना. मग त्यांनी काठीने जमिनीवर रेघ मारली, विहिरीच्या कडेपासून लांब, सरळ, बाहेरच्या दिशेने. "मोट हाय म्हंजे धाव पायजे. बैल काय हवेत चालत्याल व्हय?"

वाचकांपैकी ज्यांनी मोट पाहिली नसेल (माझ्यासकट, मी फक्त चित्रपटात पाहिली आहे) त्यांच्यासाठी अण्णांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, दीड-दोनशे लिटर पाणी मावेल अशी. तिला वर रुंद तोंड आणि खाली हत्तीसारखी सोंड, दोन्हीकडून उघडी. तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा, तो वर चाकावरून जातो. सोंडेला बांधलेली बारीक दोरी म्हणजे सोंदूर, ती खाली कण्यावरून, म्हणजे आडव्या फिरत्या लाकडावरून जाते. दोन्हींची टोकं बैलांच्या जुवाला. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेला वर दुमडून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. कडेशी आली की तोंड चाकाकडे उंच ओढलं जातं आणि सोंड मात्र कण्यावरून पुढे, खाली. मग सगळं पाणी धो धो करत थारोळ्यात. कुणी हात लावायचा नाही, वाकायचं नाही, ओतायचं नाही. दोन दोऱ्यांच्या लांबीत जो फरक, त्यात सगळी अक्कल. थारोळ्यातून पाटात, पाटातून शेतात. तिकडे दुसरा माणूस दारं धरून बसलेला.

(थारोळं हा शब्द आता वर्तमानपत्रात फक्त रक्ताबरोबर येतो. पाण्याचं थारोळं कुणी लिहीत नाही. आणि राजकारणी लोक रोज जी मोट बांधतात ती वेगळी, गाठोड्याची मोट. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिलाबी खालनं सोंड आसतीया.")

आणि धाव म्हणजे बैलांची वाट. विहिरीच्या कडेपासून बाहेर उतरत जाणारी मातीची उतरंड. बैल उतारावरून खाली चालले की मोट वर येणार. उतार अशासाठी की भरली मोट ओढताना बैलांचं वजनही कामाला यावं. वर मोटकरी नाड्यावर बसायचा, त्याचंही वजन. आणि मोट रिकामी झाली की बैलांनी मागे वळायचं नाही. तोंड तिकडेच ठेवून मागं मागं चढत यायचं, उलट्या पावली. हे बैलांना शिकवायला लागतं. अण्णा म्हणाले, नवा बैल महिनाभर ऐकत नाही, आणि एकदा शिकला की म्हातारा झाला तरी विसरत नाही.

आता गणित बघा. मोट जेवढी खोल उतरते, तेवढंच बैलांना लांब चालावं लागतं. त्यात सूट नाही. पाणी साठ फुटांवर असेल तर धाव साठ फूट हवी. ऐन उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तर शंभराच्या पुढे. म्हणजे विहीर जमिनीत जेवढी खोल, तेवढीच ती जमिनीवर लांब पसरलेली असते. लिंबच्या विहिरीवर एका वेळी पंधरा मोटा चालतील अशी सोय आहे, पण चालायच्या बारा, म्हणून नाव बारा मोटांची, असं सांगतात. थारोळी अजून कडेला दिसतात, दगडात घडवलेली. पन्नास फूट व्यास म्हणजे परीघ सुमारे एकशे सत्तावन्न फूट. पंधराने भागा. जिन्याची बाजू सोडून देऊ, सगळी कड मोकळी धरली तरी एका मोटेला दहा फूट. दहा फुटांत बैलांची एक जोडी, चाक, कणा, मोटकरी. आणि मग सूर्याच्या चित्रात किरण काढतात तशा चहूबाजूंना धावा.

हे सगळं डोळ्यापुढे आणल्यावर मला ती विहीर पहिल्यांदा दिसली. आपण फोटोत जे पाहतो, ते महाल, कमानी, खांब, ती निम्मी इमारत. उरलेली निम्मी मातीची होती, जमिनीवर होती, आणि ती आता नाही. शाहूच्या काळातल्या पाथरवटांना अष्टकोन का सुचला असावा तेही अण्णांनी कडेवर उभं राहून एका वाक्यात सांगितलं: "सरळ भितीवर मोटा शेजारी शेजारी लावाय येत्यात, दोर एकमेकात गुतत न्हाईत." त्यांचं बरोबर की चूक मला ठरवता येणार नाही. पण शिवलिंगापेक्षा हे मला जास्त पटलं.

संध्याकाळी घरी येऊन मी हिशेब मांडला. दर मोटेला दोन मिनिटं, दीडशे लिटर, बारा मोटा. तासाला चोपन्न हजार लिटर. पन्नास फुटांवरून एवढं पाणी आज पाच हॉर्सपॉवरची मोटर उपसते. चोवीस बैल, निदान बारा मोटकरी, पाटावरचे लोक वेगळे, वैरण वेगळी, दोर वळणारे वेगळे, मोटा शिवणारे वेगळे. आणि तीन हजार आंबे. ही श्रीमंती होती खरी, पण ती दगडाची कमी आणि बैलांची जास्त.

महालात मी एकटाच गेलो. अण्णांचे गुडघे त्या अरुंद जिन्याला तयार नव्हते. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इथे गुप्त खलबतं करत असत असं सांगतात. इंग्रजांनी १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं, त्याआधीची कधीतरीची गोष्ट. खलबतासाठी जागा उत्तम आहे यात शंका नाही. पण मला आपलं वाटलं, सकाळपासून बारा मोटांचा करकर आवाज, बैलांना हाका, मोटकऱ्यांची गाणी, धबधब पडणारं पाणी... इथे कोण काय कुजबुजणार आणि कोणाला काय ऐकू येणार? की तेच हवं होतं? कुणाच्या कानावर शब्द पडू नये म्हणून याहून चांगली जागा नाही!

खाली आलो तेव्हा अण्णा थारोळ्याच्या दगडाशी बसले होते. हात दगडावर. बाटलीतलं पाणी प्यायले, आणि एकदम म्हणाले, "आपली मोट शिवायला यायचा त्यो लांब बसायचा."

मी काही बोललो नाही. अण्णा स्वतःहून बोलायला लागले की मध्ये बोलू नये, एवढं कळतं मला.

मोट चामड्याची. मेलेल्या जनावराचं कातडं काढणारे, कमावणारे, शिवणारे, सगळे गावकुसाच्या कडेचे किंवा बाहेरचे. मोट फाटली की बोलावणं जायचं. तो माणूस बाभळीखाली बसून शिवायचा. त्याच्या हातची मोट विहिरीत उतरायची, त्याच मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं, आणि ते पाणी आमच्या घरचे सगळे प्यायचे. चामड्याच्या मोटेतलं पाणी विटाळत नाही असं शास्त्र कुठलं होतं देवास ठाऊक. पण ज्याने ती शिवली त्याला तहान लागली तर त्याने थारोळ्याला हात लावायचा नाही. कुणीतरी वरून ओंजळीत पाणी घालायचं. "मी घालायचो," अण्णा म्हणाले. "धा-बारा वर्साचा आसंन. त्यो माझ्या बापाच्या वयाचा. वाकून बसायचा, मी वरनं वतायचो." थोड्या वेळाने म्हणाले, "कोन मोटकरी न्हाय म्हनायचा न्हाय, पन कोन हात धुऊ देयाचा बी न्हाय."

याच सातारा जिल्ह्यात, मसूरच्या स्टेशनावर १९०१ साली काही मुलं उतरली होती, साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली. बैलगाडीतून रात्रभर प्रवास, डबा सोबत, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही म्हणून उपाशीच राहिली. त्यांतला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. अण्णांना तो माहीत नव्हता. मी सांगितला. ते बराच वेळ विहिरीकडे बघत राहिले. मग विचारलं, "मसूर म्हंजे आपलंच की रं?"

शिलालेखात विरूबाईचं नाव आहे. तिला ते लिहायची परवानगी कुणी दिली की तिने घेतली, कुणास ठाऊक, पण ते आहे. पाथरवटांचं नाही. मोटकऱ्यांचं असायचा प्रश्नच नाही. आणि मोट तर दगडाची नसतेच. चामडं, काथ्या, अंबाडी, लाकूड. सगळं कुजणारं. विहीर तीनशे वर्षांनी ठणठणीत उभी आहे आणि तिच्यासाठी शिवलेल्या शेकडो मोटांमधली एकही नाही. जे टिकतं त्याचाच आपण इतिहास लिहितो, दुसरं करणार काय.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या गावी, कोरेगाव तालुक्यात, आमची स्वतःची विहीर होती. पणजोबांनी खणलेली, दोन मोटांची. अण्णांनी पोरवयात तिच्यावर मोट हाकली. कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६६ मध्ये, तिच्यावर डिझेल इंजिन बसलं आणि मोट परड्यात टांगली गेली. मग वीज आली, मग बोअर. विहीर कोरडी पडली. वाटण्या झाल्या तेव्हा ती कुणाच्याच वाट्याला धड आली नाही. सहा वर्षांपूर्वी भावंडांचं ठरलं की बुजवून टाकू, जनावर पडायचं, पोर पडायचं, आणि चार गुंठे जागाही मोकळी होईल. मला पुण्याला फोन आला. मी म्हणालो, "बुजवा की, माझी काही हरकत नाही." कागद आला, सही करून पाठवला. जुन्या वाड्याच्या भिंती तेव्हाच पाडल्या होत्या, त्याचाच राडारोडा टाकला. एका दिवसात काम झालं म्हणे. अण्णांना कुणी विचारलं नव्हतं. तेही मला कधी काही बोलले नाहीत.

आणि तोच मी आता लिंबच्या विहिरीचे फोटो काढत, वहीत शके आणि संवत्सरं लिहीत फिरत होतो.

गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणची तरुण मंडळी बारवांची साफसफाई करतात, नोंदी ठेवतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. फार चांगलं काम आहे. त्यांना माझी एकच विनंती आहे. बारवेची मापं घेताना कडेच्या बाहेरही पाहा. थारोळी कुठे, किती, धाव कोणत्या दिशेला होती, गावात कुणी मोट हाकलेलं म्हातारं माणूस आहे का, मोट कोण शिवायचं. दगड थांबतील, ही माणसं थांबायची नाहीत. सत्तर वर्षांपूर्वी जो दहा-बारा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे.

परत येताना अण्णा म्हणाले, "गावाकडनं जाऊ." वाट वाकडी होती, पण मी काही बोललो नाही. शेतात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. विहिरीच्या जागी आता बोअरची छोटी खोली आहे, पत्र्याची. बाकी सगळा ऊस. मला एकट्याला सोडलं असतं तर विहीर नेमकी कुठे होती ते सांगता आलं नसतं. अण्णा खोलीच्या कोपऱ्यापाशी गेले, दोन पावलं डावीकडे सरकले, विहिरीकडे (म्हणजे जिथे ती होती तिकडे) पाठ केली आणि बांधाच्या कडेने चालायला लागले. मी मागे. जमीन सपाट केलेली आहे, उतार कुठेच नाही, पण अण्णा उतारावरून चालल्यासारखे किंचित मागे झुकून चालत होते.

उसाच्या सरीपाशी थांबले.

"हितपातुर," म्हणाले. "हितं बैल आली की मोट वर."

मी पावलं मोजली होती. अण्णांची बारीक पावलं, एकतीस.

"आता?" मी विचारलं.

"आता मागं," ते म्हणाले, आणि माझा हात धरून, वळले नाहीत, उसाकडे तोंड तसंच ठेवून एक पाऊल मागे टाकलं.